समानधर्मा: पदमपूरचा भवभूती आणि आमचा रविवारचा गट

(ध्वनिमुद्रित भागाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. ज्यांना तुम्ही कधी भेटला नाहीत, ज्यांच्यासोबत फक्त रविवारी रात्री फोनवर पुस्तक वाचता, त्यांना मित्र म्हणायचं का? आज त्याच्यावरच बोलतो. पण सुरुवात आमच्या गटापासून नाही करत, बाराशे-तेराशे वर्षं मागून करतो. थोडं सांभाळून घ्या.

गोंदियाहून हावड्याच्या दिशेने गाडीत बसलं की वीस-पंचवीस किलोमीटरवर आमगाव लागतं. आमगावच्या जवळ पदमपूर नावाचं गाव आहे. संस्कृत नाटककार भवभूती या गावचा, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी मांडलं. भवभूतीने आपल्या नाटकांच्या प्रस्तावनेत स्वतःबद्दल बऱ्यापैकी सांगून ठेवलंय. आजोबा भट्टगोपाल, वडील नीलकंठ, आई जातुकर्णी, घराण्याचं नाव उदुंबर, गाव पद्मपूर. कालिदास स्वतःबद्दल काहीच सांगत नाही, हा मात्र आईचं नावसुद्धा सांगतो. आता हे पद्मपूर कोणतं? दुर्गच्या बाजूला वाकाटकांचा एक अर्धवट राहिलेला ताम्रपट सापडला, त्यात पद्मपूरचा उल्लेख आहे. तो, नाटकातले संदर्भ आणि इथला भूगोल जुळवून मिराशींनी आमगावजवळच्या पदमपूरवर बोट ठेवलं. सगळ्याच विद्वानांना ते पटलंय असं नाही. पण आमच्याकडे हा प्रश्न कधीच निकाली निघालाय; आमगावच्या कॉलेजचं नावच भवभूती महाविद्यालय आहे. गावाने ठरवलं की ठरलं, विद्वानांना कोण विचारतो!

तर या भवभूतीने 'मालतीमाधव' नाटकाच्या सुरुवातीला एक गोष्ट बोलून ठेवलीय. श्लोक मी म्हणत नाही, नुसता मतलब सांगतो. त्याच्या काळातले काही लोक त्याला नावं ठेवत असावेत. त्यांच्याकडे बघून तो म्हणतो की हा खटाटोप तुमच्यासाठी नाहीच. माझ्यासारख्या मनाचा कोणीतरी कुठेतरी असेल, नाहीतर पुढे केव्हातरी जन्माला येईल, त्याच्यासाठी आहे. काळाला काही अंत नाही अन् पृथ्वीही काही लहान नाही. त्या माणसासाठी त्याने शब्द वापरलाय 'समानधर्मा'. इथे धर्म म्हणजे आपण अर्जात भरतो तो नव्हे. स्वभावाचा, आवडीनिवडीचा जोडीदार.

मला यात गर्व कमी आणि एकटेपण जास्त ऐकू येतं. गावात, दरबारात, आपल्या माणसांत वाचक मिळाला नाही, म्हणून न पाहिलेल्या माणसावर भरवसा टाकला. आमच्यासारख्या गटांना हेच तर लागू पडतं. धानाच्या पट्ट्यात, आठ तालुक्यांच्या जिल्ह्यात, नवं मराठी पुस्तक हवं असेल तर नागपूरहून मागवा, नाहीतर कुरिअरची वाट बघा. पुस्तक आलं तरी त्याच्यावर बोलायला घरात कोणी नाही. "काय बाप्पा, पेपर आहे का तुमचा?" असं विचारणारेच जास्त.

मराठीत असं नातं नवीन नाही. धारवाडला जी. ए. कुलकर्णी आणि पुण्याला सुनीताबाई देशपांडे. भेटी मोजक्या, पत्रं मात्र ढीगभर. जी.एं.च्या निवडक पत्रांचा पहिला खंड आखाच्या आखा सुनीताबाईंना लिहिलेल्या पत्रांचा आहे. तो चाळून बघा, पानापानावर पुस्तकं आहेत. हे वाचलं, हे पटलं नाही, ते तुम्ही वाचाच. समोरासमोर बसवले असते तर हे दोघे इतकं बोलले असते असं मला वाटत नाही. पोस्टमन मधे होता म्हणून जमलं. आता पोस्टमनच्या जागी फोन आहे, इतकंच.

आता आमच्या गटाचं सांगतो. नावं घेत नाही, पण सगळ्यांना विचारूनच बोलतोय. 2020 च्या टाळेबंदीत सुरू झाला, सात माणसं. देवरीचे एक निवृत्त सर, ज्यांनी जन्मभर संस्कृत शिकवलं. तिरोड्याच्या एक सिस्टर. सालेकसाचा एक पोरगा, जो पुण्यात नोकरीला आहे. अर्जुनीच्या पण आता नागपुरात असलेल्या काकू. गोरेगावचे भाऊ, ज्यांची चार-पाच एकर धानाची शेती आहे. गोंदियाचे बँकेतले एक साहेब, आणि मी. पहिलं पुस्तक व्यंकटेश माडगूळकरांचं 'नागझिरा' घेतलं. आपलंच जंगल, माणदेशातून आलेल्या माणसाच्या डोळ्यांनी पाहिलेलं. भाऊ म्हणाले, "आमी इथं राहून जे पाहिलं नाही ते या मानसानं येऊन पाहिलं." भाऊंच्या बोलीत 'ण' नाही. पहिले-पहिले ते अवघडायचे, वाचताना 'पाणी' म्हणायला जोर लावायचे. एकदा सर म्हणाले, "भाऊ, तुम्ही 'पानी'च म्हणा. आम्हाला समजते." त्या दिवसापासून भाऊ मोकळे वाचायला लागले.

मग पुढे कधीतरी सरांनी काढलं की आपल्याच जिल्ह्यातल्या कवीचं 'उत्तररामचरित' मराठीतून वाचू. सात अंक, सात रविवार, प्रत्येकाने पात्र वाटून घ्यायचं. पहिला अंक फार रंगला. त्यात राम, सीता आणि लक्ष्मण भिंतीवरची चित्रं बघतात. स्वतःच्याच आयुष्याची चित्रं, वनवासाची. एक जण दाखवतो, दुसरा आठवतो, तिसरा विषय बदलतो. सिस्टर म्हणाल्या, हे तर लग्नाचा अल्बम बघतात तसंच आहे. आणि त्याच अंकाच्या शेवटी, सीता रामाच्या हातावर डोकं ठेवून झोपलेली असताना, लोक काय बोलतात ती बातमी येते अन् तिला टाकायचं ठरतं.

दुसऱ्या अंकात गाडी अडली.

ज्यांनी नाटक वाचलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बारा वर्षं उलटली आहेत. राम दंडकारण्यात आलाय, आणि कशासाठी, तर शंबूक नावाचा शूद्र तप करतोय म्हणून त्याला मारायला. तो मारतो. मेल्यावर शंबूक दिव्य रूपाने पुढे येतो, रामाला वंदन करतो, कृतज्ञता व्यक्त करतो आणि पुढे त्यालाच जंगल दाखवतो. आमच्या वाटणीत शंबूकाचे संवाद गोरेगावच्या भाऊंकडे आले होते. कोणी मुद्दाम दिले नव्हते, पात्रं चिठ्ठ्या टाकून वाटली होती. भाऊंच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, दर वर्षी दीक्षाभूमीला जाणारे. ते दोन वाक्यं वाचून थांबले. म्हणाले, "हे मी वाचनार नाही."

सर समजवायला गेले. भवभूतीचा राम कसा कळवळतो, कवीने शंबूकाला मुक्ती कशी दिली. भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, पयले मारायचं, मंग मोक्ष द्यायचा, अन् त्याच्याच तोंडून आभार मानून घ्यायचे. याले काय म्हनावं?" कोणाकडेच उत्तर नव्हतं. त्या रात्री कोणी शुभ रात्रीसुद्धा लिहिलं नाही. पुढचा रविवार रिकामा गेला. त्याच्या पुढचाही.

खरं सांगायचं तर असे गट इथेच मोडतात. भांडण होत नाही, शिवीगाळ होत नाही. माणसं फक्त गप्प होतात आणि दोन महिन्यांनी कोणीतरी वाढदिवसाचा केक टाकतो. समोरासमोरच्या मैत्रीत निदान रस्त्यात गाठ पडते, नजर चुकवता येत नाही. इथे नजरच नाही.

तिसऱ्या आठवड्यात सरांचा निरोप आला. दोन रविवार नाटक बाजूला ठेवू आणि बाबासाहेबांचं जातिनिर्मूलनावरचं भाषण वाचू. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं, मजकूर बघून मंडळाने अधिवेशनच रद्द केलं म्हणून कधीच न झालेलं, आणि मग 1936 मध्ये बाबासाहेबांनी स्वतः छापलेलं. त्यात शंबूकाचा विचार आहे. बाबासाहेबांचं म्हणणं असं की नुसतं रामाला दोष देणं म्हणजे मूळ प्रश्न न समजणं आहे. चातुर्वर्ण्य टिकवायचं तर दंड लागतोच, शंबूकाला मारल्याशिवाय तसलं राज्य चालतच नाही. सरांनी तेवढा भाग स्वतः वाचला. नोकरीच्या तीस-पस्तीस वर्षांत हे पुस्तक हातात घेतलं नव्हतं, असं ते वाचून झाल्यावर म्हणाले. आवाज जरा बसलेला होता.

आणि मग जे झालं त्यासाठी मी हा भाग करतोय. पुन्हा दुसरा अंक काढला तो भाऊंनीच. दरम्यान त्यांनी तो चार-पाचदा वाचला होता. म्हणाले, "इथं पाहा. राम शस्त्र उचलतो तवा स्वतःच्या हाताशी बोलते. त्या हाताले म्हनते का, गरोदर सीतेले हाकलनारा हात तू, तुले कायची दया?" मंडळी, मी हे नाटक दोनदा वाचलं होतं, सरांनी वीस वर्षं शिकवलं होतं. आमच्या नजरेला ते नुसतं रामाचं दुःख म्हणून दिसलं होतं. भाऊंनी दाखवलं की कवीने दोन्ही अन्याय एकाच हातात ठेवलेत. शंबूक आणि सीता, एकाच हाताने गेलेली दोन माणसं. कवीला ते उमगलं होतं का, की लिहिता लिहिता निसटलं? यावर आम्ही अडीच तास बोललो. सिस्टरची रात्रपाळी होती, त्या मधे वॉर्डात चक्कर मारून परत जोडल्या जायच्या.

त्या रात्री शंबूकाचे संवाद भाऊंनी मागून घेतले. वाचले, पण वंदनाची अन् कृतज्ञतेची वाक्यं आली तिथे ते थांबले. काही बोलले नाहीत. आम्हीही नाही. एक-दीड मिनिट नुसता पंख्याचा आवाज येत होता कोणाच्यातरी घरातला. मग सरांनी रामाचं पुढचं वाक्य घेतलं. आमच्या वाचनात ती वाक्यं तशीच कोरी राहिली आहेत.

शेवटच्या अंकावर सिस्टर अडल्या, ते एक वेगळंच. नाटकात नाटक होतं, राम प्रेक्षकांत बसून स्वतःची गोष्ट बघतो, आणि सीता परत मिळते. वाल्मीकीच्या कथेत ती भूमीत जाते; भवभूतीने शेवट गोड केला. अरुंधती लोकांना विचारते, लोक नमतात. सिस्टरचं म्हणणं, लोकांना विचारलं, मग सीतेला नीट बसवून कोणी विचारलं का? काकू म्हणाल्या, मला तर बाई ती परत आली हेच बरं वाटलं, पोरांना बाप मिळाला. दोघींचं अजून जुळलेलं नाही. जुळू नये असं मला वाटतं.

एक सांगायचं राहिलंच. ही नाटकं कालप्रियनाथाच्या यात्रेत व्हायची, असं भवभूतीच सांगतो. हे ऐकल्यावर भाऊ म्हणाले, "मंग हे आपल्या मंडईसारखंच झालं की." दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, रात्रभर दंडार नाहीतर नाटक चालतं, लोक चटया घेऊन बसतात. मी 'उत्तररामचरित' कायम अभ्यासक्रमातलं पुस्तक समजत आलो. यात्रेत, शेंगा खात बसलेल्या माणसांसमोर ते झालं असेल, हे चित्र मला भाऊंमुळे मिळालं.

आता मित्र म्हणायचं का, या प्रश्नाकडे येतो. गेल्या वर्षी सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यात काहीतरी गुंतागुंत झाली आणि डॉक्टरांनी वाचायला मनाई केली. सरांसारख्या माणसाला वाचू नको म्हणणं म्हणजे जेवू नको म्हणणं. 18 जून 2025 ला सोलापुरात मारुती चितमपल्ली गेले. नवेगावबांधला त्यांनी वनखात्यात नोकरी केली, आमच्या जिल्ह्याचं जंगल त्यांनी मराठीत आणलं. त्या रात्री भाऊंनी सरांना फोन लावला आणि 'चकवाचांदण' वाचायला घेतलं. चितमपल्लींचं आत्मचरित्र, चांगलं जाडजूड. रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास, भाऊ वाचणार आणि सर ऐकणार. जुलैमध्ये रोवणी लागली. दिवसभर बांधीत चिखलात राहून आलेला माणूस, आठला झोप येते. तरी वाचन थांबलं नाही, अर्ध्या तासाची वीस मिनिटं झाली इतकंच. सरांच्या मुलीने मला सांगितलं की बाबा आता घड्याळ बघत बसतात, आणि फोनला उशीर झाला की म्हणतात, "मोटार बंद करायला गेला असेल तो."

देवरी आणि गोरेगाव काही फार लांब नाहीत, एकाच जिल्ह्यात आहेत. दोघं अजून भेटलेले नाहीत. मी एकदा विचारलं, गाडी करू का? सर म्हणाले, "करू, करू. आधी पुस्तक होऊ द्या." सर एकदम बरे झाले तर भाऊंची पंचाईत होईल, असं काकू म्हणतात.

पुढच्या महिन्यात आम्ही 'मालतीमाधव' घेतोय. त्याची सुरुवातच मैत्रीतून आहे. भूरिवसू आणि देवरात हे दोघे एकत्र शिकलेले, तेव्हाच त्यांनी एकमेकांना शब्द दिलेला असतो की आपल्या मुलांची लग्नं लावू, आणि त्याला साक्षीला त्यांच्यासोबतच शिकलेली कामंदकी, जी पुढे बौद्ध भिक्षुणी झाली. पुढचं सगळं नाटक ती म्हातारी हलवते. कामंदकी कोण वाचणार यावर सिस्टर आणि काकूंची आत्तापासून जुंपलीय, चिठ्ठ्या टाकाव्या लागतील. अडचण एकच, मराठी भाषांतराची एकच प्रत आहे आणि ती आमच्या बँकेतल्या साहेबांकडे, मधली दहा-बारा पानं गायब. कोणाच्या घरी, शाळेच्या कपाटात, गावच्या वाचनालयात जुनी प्रत पडली असेल तर तिसऱ्या अंकापासूनच्या पानांचे फोटो काढून पाठवा. वाळवी लागलेली असली तरी चालेल, अक्षर लागलं म्हणजे झालं.