डोळ्यांचे सांधे
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा गोषवारा)



मी डॉक्टर नव्हे, रेल्वेतला डिप्लोमावाला इंजिनीअर. आमच्याकडे रूळ तीन रीतींनी जोडतात: फिशप्लेटला बोल्ट कसून, थर्मिट वेल्डिंगने, आणि सिग्नलच्या सर्किटसाठी चिकटवून, म्हणजे ग्लूड जॉइंट. डोळ्याची जखमही अशीच तीन रीतींनी सांधतात: टाका, लेसर आणि गोंद.

बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. तो केसाहून बारीक नायलॉनने शिवतात. टाका जास्त ताणला तर पडद्याचा गोलावा बिघडून नजर धूसर होते. सैल पडला तर जंतुसंसर्गाचे भय. मोतीबिंदूची हल्लीची दोन-तीन मिलिमीटरची चीर बहुधा आपोआप मिटते. मोठ्या जखमेचे तसे नाही.

गोंदाचे मुख्य प्रकार दोन. सायनोअ‍ॅक्रिलेट ओलाव्याने क्षणात घट्ट होतो. पडद्याला पडलेले बारीक भोक त्याने बुजवतात आणि तो खरखरीत असल्यामुळे वर मऊ काँटॅक्ट लेन्स ठेवतात. (बाजारातला झटपट गोंद याच कुळातला, तो डोळ्याजवळ नेऊसुद्धा नका!) दुसरा फायब्रिन गोंद. रक्त गोठवणारी द्रव्येच त्यात असतात. चेन्नईचे डॉ. अमर अगरवाल यांनी २००७ साली या गोंदाच्या मदतीने, आधार गमावलेल्या डोळ्यात कृत्रिम भिंग बसवले.

लेसरची रीत इटलीत फ्लॉरेन्सच्या मंडळींनी विकसित केली. जखमेच्या कडांना हिरवा रंग लावतात; तो लेसरचा प्रकाश शोषतो, कडा साधारण ६० अंशांपर्यंत तापतात आणि त्यातले कोलॅजन एकमेकांस धरते. आमचे थर्मिट दोन हजार अंशांच्या वर जाते! ही रीत मात्र अजून सर्रास वापरात नाही.

मित्रहो, गोंद पुष्कळदा फक्त वेळ मिळवून देतो. भोक मोठे असेल, पडदा पांढरा पडला असेल, तर दुसऱ्या माणसाचा कॉर्नियाच लागतो. तो कुठल्या कारखान्यातून मागवता येत नाही. म्हणून ग्राइंडिंग करताना चष्मा लावा, डोळ्यात कण गेला तर चोळू नका, तडक डॉक्टरांकडे जा. आणि घरात मृत्यू झाला तर सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवा. पंखा बंद ठेवा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवा. मृताला चष्मा होता किंवा मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते, तरी नेत्रदान चालते. दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर नेत्रदान पंधरवडा असतो. बहुधा बाप्पाही त्याच सुमारास येतात. यंदा मंडपात वर्गणीच्या टेबलाशेजारी नेत्रदानाचे अर्जही ठेवावेत, एवढी मंडळाला विनंती.