मनोरोग आणि ग्रामशिक्षकाचे कर्तव्य

(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनात दिलेले व्याख्यान)



गावाच्या वेशीपाशी किंवा देवळाच्या पारावर स्वतःशीच पुटपुटत बसलेला एखादा मळक्या वस्त्रांतील मनुष्य पुष्कळ गावांत दृष्टीस पडतो. मोठी माणसे त्याला टाळून जातात. शाळा सुटली म्हणजे मात्र पोरे त्याच्याभोवती गोळा होतात. कोणी त्याची टर उडवितो, कोणी खडा मारतो. त्रासून त्याने काठी उचलली, की ‘वेडा अंगावर धावून आला’ अशी हाकाटी होते. पहिला खडा कोणी मारला, हे मग कोणीच विचारीत नाही. ज्या हातांनी तो खडा मारला, त्याच हातांना सकाळी शिक्षकाने अक्षर गिरविण्यास शिकविलेले असते. म्हणून हा प्रश्न जितका वैद्यांचा, तितकाच शाळेचाही आहे.

मनोरुग्ण म्हणजे हिंसक मनुष्य, ही समजूत समाजात खोलवर रुजलेली आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. मनाचे आजार असलेली बहुसंख्य माणसे कधीही कोणावर हात उगारीत नाहीत. उलट इतरांच्या हिंसेला तीच अधिक बळी पडतात. काही तीव्र आजारांत उपचार झाले नसतील आणि त्यांस दारूसारख्या व्यसनाची जोड मिळाली असेल, तर धोका काहीसा वाढतो, हे खरे. परंतु यावरून निष्कर्ष निघतो तो उपचार लवकर व्हावेत असा. मारहाण करावी असा नव्हे.

भयाने आंधळा झालेला जमाव काय करू शकतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांस ठार मारले. ते भिक्षेवर उपजीविका करणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते. ते मनोरुग्ण नव्हते. त्यांना आपले नावगाव सांगता येत होते. तरीही त्यांचे प्राण वाचले नाहीत. मग ज्याला आपले नावही धड सांगता येत नाही, अशा वाट चुकलेल्या मनोरुग्णाची अफवेच्या दिवसांत काय गत होईल?

हिंसा जमावाच्याच हातून घडते असे नाही. तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी येथे एक दर्गा आहे. गुण यावा या आशेने दूरदूरचे लोक आपल्या मनोरुग्ण आप्तांना तेथे आणीत, आणि भोवती त्यांना ठेवून घेणारी खाजगी गृहे उभी राहिली होती. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे त्यांपैकी एका गृहाच्या छपरास आग लागली. तेथील रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही. २८ जण मृत्युमुखी पडले.

आपल्या माणसाला साखळीच्या स्वाधीन करणारे कुटुंब निर्दय असते असे मात्र समजू नये. जवळ डॉक्टर नाही, पदरी पैसा नाही, लोकलज्जेने कोणाला विचारता येत नाही, अशा कोंडीत सापडलेला बाप अखेर साखळी हाती घेतो. २०१५–१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले की, निरनिराळ्या मनोविकारांत शंभरांपैकी सुमारे ७० ते ९२ रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. ही दरी जोवर आहे, तोवर साखळीही राहील.

ती दरी बुजविण्याची साधने आज आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ साली सुरू झाला. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आणि रुग्णास साखळदंडाने बांधण्यास मनाई केली. स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ असा मनोरुग्ण भटकताना आढळल्यास त्याला संरक्षण देणे हे त्याच कायद्याने पोलीस ठाण्याचे कर्तव्य मानले आहे. भूत उतरविण्याच्या मिषाने कोणास मारणे वा बांधणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे.

परंतु कायदा पुस्तकात असतो आणि रुग्ण घरात. त्या दोहोंमधील अंतर चालून जाणारा मनुष्य गावात बहुधा शिक्षकच असतो.

त्याने काय करावे? रोगाचे निदान करणे हे त्याचे काम नव्हे. एखाद्याची झोप उडाली, तो माणसांतून उठला, कोणी नसता आवाज ऐकू येतात असे म्हणू लागला, तर त्याच्या घरी जावे. चारचौघांत नव्हे, एकांतात बोलावे. देवऋष्यावर विश्वास ठेवणाऱ्या वृद्ध आईची थट्टा करू नये. गुजरातमध्ये उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात दुवा आणि दवा एकाच आवारात मिळण्याची सोय झाली, हे तिला सांगावे. नवस फेडावा, पण गोळी चुकवू नये, एवढे तिला पटले तरी पुष्कळ झाले. प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिल्या खेपेस सोबत जावे. बरे वाटू लागताच डॉक्टरांस न विचारता औषध बंद केल्यास आजार उलटण्याचा संभव असतो, हे घरच्यांस पुन्हा पुन्हा सांगावे. अनोळखी मनुष्याभोवती गर्दी जमू लागली, तर शिक्षकाने विलंब न करता पोलिसांस ११२ या क्रमांकावर कळवावे, आणि पोलीस येईपर्यंत सरपंच व जाणत्या मंडळींस पुढे घालून त्या मनुष्यास निवाऱ्यास बसवावे.

आणि वर्गात? ज्याची आई आजारी आहे, त्या मुलास ‘वेडीचा पोर’ म्हणून कोणी हिणविणार नाही, याची खबरदारी शिक्षकाने प्रथम घ्यावी. ताप शरीरास येतो, तसा आजार मनासही होतो आणि त्यावर औषध असते, एवढी गोष्ट चौथीच्या मुलास सहज कळते. हे ज्याला लहानपणी कळले, तो पारावरच्या मनुष्यास उद्या खडा मारणार नाही. कदाचित पाण्याचा तांब्या नेऊन देईल. गावाने त्या मनुष्यास माणूस म्हणून ओळखण्याचा आरंभ त्या तांब्यापासून होईल.