इंधनकाट्याची साक्ष

अड्यार म्हटले की महाराष्ट्रातील वाचकाला प्रथम आठवते ती थिऑसॉफिकल सोसायटी. १८८२ साली या संस्थेने आपले मुख्य ठाणे मद्रासजवळच्या या नदीकाठी आणले आणि अड्यारचे नाव जगभर गेले. परंतु २०१५ च्या डिसेंबरपासून चेन्नईकरांच्या मनात या नावाशी एक वेगळीच स्मृती निगडित झाली आहे. त्या महिन्याच्या पहिल्या तारखेला शहरावर आणि परिसरावर प्रचंड पाऊस कोसळला. चेंबरमबाक्कम तलावातून सेकंदाला सुमारे २९,००० घनफूट पाणी सोडावे लागले आणि अड्यार नदी कोट्टूरपुरम, सैदापेट यांसारख्या वस्त्यांत शिरली. त्या पावसाळ्यात तामिळनाडूत शेकडो माणसे दगावली. त्या दुःखापुढे मोटारींची हानी ही अगदी किरकोळ बाब होय. तथापि तळघरांत आणि रस्त्यांवर बुडालेल्या त्या मोटारी एक गोष्ट शिकवून गेल्या. ती प्रत्येक वाहनधारकाने ध्यानी धरावी अशी आहे.

पूर ओसरल्यावर माणूस आपल्या मोटारीपाशी येतो. विद्युत्-यंत्रणा सुदैवाने शाबूत असली, तर चावी अर्धी फिरवताच इंधनाचा काटा वर सरकतो आणि टाकी पाऊण भरलेली दाखवितो. मालकाला हायसे वाटते. पण पुराआधी टाकी अर्धीच होती, हे त्याच्या लक्षात येत नाही. वाढलेला भाग पेट्रोलचा नसून नदीच्या पाण्याचा असू शकतो. या स्थितीत काटा बिघडलेला नसतो. तो आपले काम चोख बजावीत असतो. मग चूक होते कोठे?

त्यासाठी टाकीच्या आत डोकावले पाहिजे. टाकीत एक हलका फ्लोट इंधनावर तरंगत असतो. तो एका तारेच्या दांडीला जोडलेला असतो. इंधन कमी झाले की फ्लोट खाली येतो, दांडी फिरते आणि दांडीच्या दुसऱ्या टोकाचा संपर्क विद्युत्-रोधाच्या पट्टीवर घसरतो. रोध बदलला की प्रवाह बदलतो आणि त्यानुसार समोरचा काटा हलतो. म्हणजे काटा पेट्रोल मोजीत नाही. तो केवळ फ्लोटची उंची सांगतो. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे ते तळाशी बसते, पेट्रोल वर उचलले जाते आणि त्याबरोबर फ्लोटही वर येतो. इंधनाचा पंप मात्र तळाजवळून ओढतो, आणि तळाशी असते पाणी. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. पाणी पुरेसे शिरल्यास ते इथेनॉलही आपल्याबरोबर खाली नेते, त्यामुळे वर उरलेल्या पेट्रोलचीही प्रत बिघडते.

एरवीही काटा संशयास्पद वाटला, तर त्याची परीक्षा क्रमाने घ्यावी. काट्यावर एकदम दोष ठेवू नये. प्रथम फ्यूज आणि तारांची जोडणी पाहावी. टाकीपाशी येणारी अर्थिंगची तार गंजली, तर चांगला सेन्सरही खोटे बोलू लागतो. त्यानंतर सेन्सर टाकीबाहेर काढून त्याच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावावा आणि फ्लोटची दांडी हाताने सावकाश खालून वर न्यावी. रोध एकसारखा, धक्का न बसता बदलत गेला पाहिजे. अमेरिकी पद्धतीच्या पुष्कळ सेन्सरांत रिकाम्या टाकीला सुमारे २४० ओहम आणि भरलेल्या टाकीला सुमारे ३३ ओहम रोध असतो. युरोपीय पद्धतीच्या अनेक सेन्सरांत रिकाम्याला सुमारे १० आणि भरलेल्याला सुमारे १८० ओहम, असा नेमका उलटा क्रम आढळतो. म्हणून आपल्या गाडीचे आकडे तिच्या पुस्तिकेतूनच घ्यावेत. मध्येच आकडा नाहीसा झाला, तर पट्टी तेथे झिजली आहे असे समजावे. फ्लोट कानाशी धरून हलवावा. आत खळखळ ऐकू आली, तर त्याला छिद्र पडले आहे. असा फ्लोट बुडतो आणि भरलेली टाकीही रिकामी दाखवितो. हे सर्व निर्दोष ठरल्यावरच समोरच्या काट्याकडे वळावे.

हे काम घरी उत्साहाने हाती घेण्याचे नव्हे. पेट्रोलची वाफ ठिणगीची वाट पाहत असते. टाकी उघडणे हे मोकळ्या हवेत, बॅटरी सोडवून, जाणत्या मेकॅनिकच्याच हातून व्हावे.

तथापि या सर्व कसोट्यांना उतरलेला सेन्सरही पुरानंतरच्या टाकीविषयी फसवितो, कारण काय तरंगविते आहे हे त्याला विचारताच येत नाही. तेथे दुसरी साक्ष काढावी लागते. टाकीच्या तळाचे थोडे इंधन स्वच्छ काचेच्या बाटलीत काढून स्थिर ठेवावे. पाणी असेल तर खाली निराळा थर दिसतो. पेट्रोल पंपावरील जमिनीखालच्या टाकीतही केवळ उंची पाहून भागत नाही. मोजपट्टीला पाण्याने रंग बदलणारा लेप लावून तळाशी पाणी आहे का, हे तपासले जाते. उंची आणि वस्तू या दोन प्रश्नांची उत्तरे दोन निरनिराळ्या कसोट्यांनी घ्यायची असतात, हे व्यवहाराने फार पूर्वी ओळखले आहे.

काट्यावर भिस्त ठेवून इंजिन सुरू केले, तर केवढी किंमत मोजावी लागते? इंजिनात पाणी शिरलेले असेल, तर ते दाबले जात नाही आणि आतील दांडे वाकतात. शिवाय बुडालेले इंजिन सुरू केल्यामुळे झालेली हानी साध्या विम्यात बहुधा नाकारली जाते. एका क्षणाच्या घाईने दुरुस्त होणारी गाडी निकामी होते, आणि ज्याच्या संसाराचे पोटच त्या गाडीवर चालते, त्याचा रोजगारही बुडतो.

म्हणून पूर केवळ अड्यारच्या काठी नव्हे, तर कोल्हापूर, सांगली किंवा चिपळूण येथे आला, तरीही क्रम हाच असावा. बुडालेल्या गाडीची चावी फिरवू नये. बॅटरी सोडवावी, गाडी ओढून गॅरेजमध्ये न्यावी, विमा कंपनीला कळवावे, टाकी रिकामी करवून घ्यावी आणि तळाचे इंधन बाटलीत पाहावे. काटा पाऊण टाकी दाखवीत असला, तरी एवढे होईपर्यंत त्याच्या साक्षीवर निवाडा देऊ नये.