पंचनामा आणि विश्वास

पनवेल येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर



पनवेल हे कोकणाचे दार. पळस्पे फाट्यावरून गोव्याचा रस्ता दक्षिणेकडे वळतो, आणि त्याच रस्त्याने मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनची माणसे पोटासाठी पनवेल-मुंबईकडे येतात. ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेस ‘निसर्ग’ चक्रीवादळ किनाऱ्यावर आदळले, तेव्हा हा प्रवाह टाळेबंदीमुळे आधीच उलटा फिरला होता. रोजगार गमावून गावी परतलेल्यांच्या डोक्यावरचे पत्रे आणि कौले ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने उडवून नेली.

वादळाची पूर्वसूचना मिळाली होती, किनाऱ्यावरील लोकांना हलविले गेले होते आणि म्हणून प्राणहानी थोडी झाली, हे प्रथम मान्य केले पाहिजे. दोनच दिवसांनी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी रायगड जिल्ह्याला तातडीची मदत म्हणून १०० कोटी रुपये जाहीर केले. पुढे मदतीचे दरही वाढविण्यात आले. पूर्ण पडलेल्या घरासाठी ९५ हजार १०० ऐवजी दीड लाख रुपये आणि फळबागेसाठी हेक्टरी १८ हजारांऐवजी ५० हजार रुपये, कमाल दोन हेक्टरांपर्यंत, असा निर्णय झाला. कागदावर पाहता हे औदार्यच होते. मग वाडीवाडीतून असंतोष का उमटला?

त्याचे उत्तर ‘हेक्टर’ या शब्दात आहे. श्रीवर्धन-मुरूडकडे बागायत हेक्टरांत मोजली जात नाही. ती गुंठ्यांत मोजली जाते. हेक्टरी ५० हजार म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये. पाच गुंठ्यांच्या वाडीला अडीच हजार! त्या पाच गुंठ्यांत नारळ असतो, सुपारी असते, सुपारीवर मिरवेल चढलेली असते, सावलीला जायफळ असते. आडवी झालेली झाडे तोडून वाडी साफ करण्याची मजुरीही या रकमेत निघणे कठीण. नवी सुपारी फळावर यायला सहा-सात वर्षे लागतात, तोवर कुटुंबाने काय खावे याचा विचार त्या मापात कोठेच नव्हता. पुढे लोकांच्या रेट्यामुळे शासनाने झाडामागे मदतीचा हिशेब मान्य केला: नारळाला २५० रुपये, सुपारीला ५० रुपये. रक्कम तुटपुंजीच होती. परंतु माप बदलले. माणसे संघटितपणे बोलली तर शासनाला आपली फूटपट्टी बदलावी लागते, एवढे त्यातून सिद्ध झाले.

तथापि झाडामागे दर ठरला तरी ज्याच्या नावावर झाडच नाही त्याचे काय? सुपारीच्या झाडावर चढणारा गडी, सुपारी सोलून मजुरी मिळविणाऱ्या बाया यांचे कित्येक वर्षांचे काम एका दुपारी संपले. त्यांच्या नुकसानीचा रकाना पंचनाम्यात नसतो. सातबाऱ्यावर दहा वारसांची नावे असतात. त्यांतले सात मुंबईला, आणि वाडी राखणारा एकटाच गावात. त्याने संमतिपत्रे कोठून आणावीत? आणि पनवेल तालुक्यातील कातकरी वाड्यांचा विचार करा. अनेक वाड्या पिढ्यान्‌पिढ्या परक्या जमिनीवर उभ्या आहेत. कुडाच्या भिंतींचे घर वादळात पडते. पण दप्तरात ते घर कधी उभेच नव्हते, तर पडले असे कोण लिहिणार?

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नव्हे. अमेरिकेत २००५ साली कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडाले. त्यानंतरच्या घरबांधणीच्या योजनेत घराची वादळापूर्वीची बाजारकिंमत आणि पुनर्बांधणीचा खर्च यांपैकी जी रक्कम कमी, तीवर अनुदान ठरत असे. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत बाजारभाव कमी. म्हणून तसेच घर बांधायला तेवढाच खर्च येत असताना त्यांना मदत कमी मिळाली. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०११ मध्ये तडजोड झाली. संपन्न देशातही अन्याय मापाच्या आडूनच आला.

तात्पर्य, शासनावरील विश्वास मदतीच्या घोषणेने परत येत नाही. घोषणा मुंबईत होते. विश्वास चावडीवर मिळतो किंवा गमावला जातो. तलाठी आणि ग्रामसेवक बिचारे थोडे, गावे पुष्कळ, मुदत अपुरी. घाईत लिहिलेल्या पंचनाम्यात कोणाचे नाव गळले आणि कोणाचे का वाढले, हे गावाला कळत नाही; मग कुजबुज सुरू होते, आणि प्रामाणिक कर्मचारीही संशयाचा धनी होतो.

महाराष्ट्राला दुसरी वाट ठाऊक आहे. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे दुष्काळी कामांवर आली. त्या अनुभवातून १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला आणि ‘काम द्या’ ही विनवणी हक्कात बदलली. वादळग्रस्ताची मदतही अशीच हक्काच्या पायावर उभी राहिली पाहिजे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात मदतीच्या किमान दर्जाची तरतूद आहे. ती गावापर्यंत पोहोचली पाहिजे. पंचनाम्याची यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचली जावी. ज्याला नाकारले त्याला कारण लेखी मिळावे आणि अपिलाची मुदत असावी. जमिनीच्या मालकीबरोबर बुडालेली मजुरीही मोजली जावी.

कार्यकर्त्यांचे काम मात्र वादळानंतर सुरू होत नाही. चैत्र-वैशाखात, आभाळ निरभ्र असताना, कातकरी वाडीतील प्रत्येक घराची नोंद ग्रामपंचायतीत झाली आहे की नाही ते पाहावे. वारसांची संमतिपत्रे आधीच करून ठेवावीत. मजुरांची नावे लिहून घ्यावीत. जे घर आज दप्तरात उभे राहील, त्याच्या पडण्याची दखल उद्या घेतली जाईल.