धुण्याचे यंत्र आणि विजेची काटकसर
(ज्ञातिसभेच्या वार्षिक मेळाव्यात महिला शाखेच्या विद्यमाने दिलेले व्याख्यान)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आणि निधीचा अहवाल यांनंतर धुण्याचा विषय घेऊन उभे राहणे कित्येकांस विनोदाचे वाटेल. तथापि जे काम घरोघरी रोज होते आणि ज्याचा भार बहुधा एकाच व्यक्तीच्या पाठीवर पडतो, ते ज्ञातिसभेच्या विचारास अपात्र आहे असे आम्हांस वाटत नाही.

प्रथम आमच्याच घरची चूक सांगतो. यंत्र आले तेव्हा, पाणी जितके कढत तितके धुणे स्वच्छ, या समजुतीने आम्ही सगळे कपडे ६० अंशांवर धुऊ लागलो. विजेचे बिल वाढले आणि आम्ही दोष यंत्रास दिला. त्यावर भरतकामाची खोळ चढली, फुलदाणी आली, आणि आमच्या वृद्ध मातोश्री पुन्हा मोरीत धोपाटणे घेऊन बसल्या. सांगण्यास संकोच वाटतो, पण हिशेब मांडण्याची बुद्धी आम्हांस त्यांची कंबर धरल्यावर झाली.

तो हिशेब सोपा आहे. १ लिटर पाणी १ अंशाने तापविण्यास १ किलोकॅलरी उष्णता लागते; १ युनिट विजेपासून सुमारे ८६० किलोकॅलरी मिळतात. समोरून उघडणारे यंत्र धुण्याच्या फेरीस १५ लिटर पाणी घेते असे धरू. ते २५ अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास ०.६१ युनिट लागते. ४० अंशांपर्यंतच नेल्यास ०.२६. उलट ३०० वॉटची मोटर अर्धा तास अखंड फिरली तरी खर्च ०.१५ युनिट! तात्पर्य, वीज खातो तो यंत्राच्या पोटातील बंब. फिरणारे पिंप नव्हे. रोज एक धुणे थंड पाण्यात केल्यास महिन्यास सुमारे १८ युनिटे वाचतात. घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने चढत असल्यामुळे वाचलेले युनिट नेहमी सर्वांत महाग टप्प्यातील असते, हेही ध्यानी घ्यावे.

थंड पाण्यात मळ निघेल काय? नित्याचे कपडे खुशाल निघतात. आजच्या पुष्कळ पावडरींत विकरे असतात. ती घाम, दूध, अन्न यांचे डाग कोमट व साध्या पाण्यातही सोडवितात. रक्ताचा किंवा अंड्याचा डाग तर कढत पाण्याने उलट पक्का बसतो. आजाऱ्याच्या चादरी, बाळाची दुपटी, स्वयंपाकघरातील तेलकट फडकी यांपुरते गरम पाणी राखून ठेवावे.

यंत्र भरण्यातही तारतम्य हवे. त्यावर लिहिलेले ७ किलो हे कोरड्या सुती कपड्यांचे वजन होय; कृत्रिम धाग्याचे कपडे त्याच्या निम्म्याहून कमी घालावेत. दोन अर्धवट धुण्यांऐवजी एक पुरते धुणे करावे. मात्र कपडे ठासून भरू नयेत. समोरून उघडणाऱ्या यंत्रात कपडे वर उचलले जाऊन खाली आपटतात, तेव्हाच मळ सुटतो. म्हणून वर एक हात शिरेल एवढी जागा मोकळी असावी. पावडर अधिक घातल्याने धुणे अधिक शुभ्र होत नाही. फेसाची गादी होऊन आपटणेच मंदावते आणि खळबळण्यास पाणी जास्त लागते. विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी जड असल्यास तापकावर क्षार साचतात. ते वेळोवेळी लिंबूसत्त्वाने काढावेत. वाळविण्याचे काम यंत्राकडे न सोपविता, चांगले पिळून दांडीवर घालावे. ऊन फुकट आहे. पावसाळ्यात वाराही पुरतो.

असो. आमच्या यंत्रावरची खोळ आता गेली आहे. मातोश्री खुर्चीवर बसून कपडे निवडून देतात आणि यंत्र भरण्याचे काम आम्ही पुरुष मंडळी करतो. ते आपल्याला प्रथमच साधले नाही, हे कबूल केले पाहिजे. एकदा लाल पंचाने सगळी धोतरे गुलाबी केली! बंधूंनो, विजेच्या धाकाने घरातील कोणाची पाठ वाकू देऊ नका. काटकसर अवश्य करा, पण ती बंबात करा, माणसात नको. आणि वाचलेल्या रुपयांतून काही भाग सभेच्या विद्यार्थी साहाय्यक निधीस आला, तर आमचे हे दोन शब्द सार्थकी लागले असे आम्ही समजू.