निरोप समारंभातलं ते गाणं
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील मनोगताचे शब्दांकन)

दहावी १९९० च्या बॅचमधल्या माझ्या मित्र-मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला पाच-सात मिनिटं दिली आहेत आणि विषयही दिला आहे, ‘आठवणीतला निरोप समारंभ’. त्या दिवशीच्या गमतीच्या गाण्यांची आणि नाचांची निवड माझ्याकडे होती, म्हणून हा विषय माझ्या वाट्याला आला. पण त्या निवडीतली एक गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. ती आज सांगणार आहे. ज्यांना सांगायची, ते आपले इतिहासाचे सर पहिल्या रांगेत बसले आहेत.

आधी थोडी उजळणी. फेब्रुवारी महिना. दोन वर्गांमधलं लाकडी पार्टिशन काढून केलेला हॉल. नववीची मुलं आपल्याला निरोप देणार, म्हणजे गुलाबाचं फूल, एक वडा, एक पेढा, थोडे वेफर्स आणि भरपूर भाषणं. आपल्या बॅचने ठरवलं की यंदा रडारड नको. शेवटचा अर्धा तास आपण घ्यायचा. शिक्षकांचे आभार मानायचे, पण हसवून मानायचे. मोठ्या बाईंनी तीन अटी घातल्या. तास बुडवून तालीम करायची नाही, द्व्यर्थी गाणं चालणार नाही आणि साडेपाचला शाळा रिकामी झाली पाहिजे. दुसऱ्या अटीसरशी आमच्या यादीतली दादा कोंडक्यांची सगळी गाणी उडाली!

यादी करायला आम्ही चौघं होतो. मधल्या सुट्टीत डबा खाताखाता भांडायचो. तेव्हा कॅसेटच्या दुकानात यादी दिली की साठ मिनिटांच्या कॅसेटवर गाणी भरून मिळायची. एकदा भरलं की भरलं. मत बदललं तर पुन्हा पैसे, आणि वर्गणी तर वड्यांवरच संपलेली. त्यामुळे प्रत्येक गाण्यावर अगदी लग्न जमवावं तशी चर्चा व्हायची.

त्या चर्चेत आम्हाला एक गोष्ट कळली. हसवायला विनोदी गाणंच लागतं असं नाही. गाणं गंभीर असावं आणि त्यावर नाचणारा माणूस चुकीचा असावा, मग हसू आवरत नाही. ‘अशी ही बनवाबनवी’ येऊन दीडच वर्ष झालं होतं, त्यामुळे मुलग्यांना साडी नेसायची हौस दांडगी होती. ‘तेजाब’मधल्या त्या आकडे मोजणाऱ्या गाण्यावर आपला सर्वांत आडदांड गोलकीपर आईची साडी नेसून नाचला आणि नाचतानाच फळ्यावर आकडे लिहीत गेला. चारनंतर सहा, सहानंतर पुन्हा चार. गणिताच्या बाई उठल्या, त्याच्या हातातून खडू घेतला आणि मधला पाच लिहून जागेवर जाऊन बसल्या. हॉल डोक्यावर घेतला होता आपण. बाईंचं ते उठणं आमच्या तालमीत नव्हतं, हे आज सांगून टाकतो.

दुसरी निवड मराठीच्या बाईंनी सुचवली होती, नाथांचं विंचवाचं भारूड. आम्ही नाकं मुरडली. बाई म्हणाल्या, “अरे, चारशे वर्षं लोक हसतायत त्याला. तुमचं सिनेमाचं गाणं पुढच्या वर्षी कुणाला आठवेल का?” मग त्यांनी समजावलं की भारुडातला विंचू म्हणजे काम-क्रोध, आणि नाचणारा ओरडतो ते स्वतःलाच डंख झाला म्हणून. हसू आपल्यावरच असतं. आम्ही विंचवाच्या जागी बीजगणित घातलं आणि सगळी बॅच ‘चावलं, चावलं’ करत उड्या मारत सुटली. कागदाची नांगी तुटून पुढच्या रांगेत पडली, तरी नाच थांबला नाही.

आणि तिसरी निवड माझी. एकट्याची.

‘शिक्षकांची एंट्री’ असा तो कार्यक्रम होता. एकेक मुलगा एकेका सरांसारखा चालत यायचा आणि मागे त्यांना शोभेल असं गाणं अर्धा मिनिट वाजायचं. पी.टी.च्या सरांना लष्करी थाटाचं गाणं, चित्रकलेच्या सरांना रंगांचं गाणं. सरांना, म्हणजे आपल्या इतिहासाच्या सरांना, कमी ऐकू यायचं. ते उजवा कान वर्गाकडे करून उभे राहायचे आणि आपण त्याचा किती फायदा घेतला, ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे. मी त्यांच्यासाठी गाणं निवडलं ते ‘ऐक ना, ऐक ना’ अशी विनवणी करणारं. तालमीत पोरं हसून लोळली. मला वाटलं, जमलं.

त्या दिवशी सरांची भूमिका मीच केली. कान वळवून, मान तिरकी करून आलो. गाणं सुरू झालं. मागच्या बाकांवर हास्याचा स्फोट झाला. सर माझ्याकडे बघत होते. मग हसणाऱ्यांकडे वळून बघितलं. मग शेजारी बसलेल्या हिंदीच्या सरांना त्यांनी विचारलं, “कोणतं गाणं आहे?” हिंदीचे सर काही बोलले नाहीत, खाली बघत राहिले. सरांना वाटलं, उत्तर आलं पण आपल्यालाच ऐकू आलं नाही. तेव्हा ते हसले. सगळे हसतायत म्हणून हसले, आणि सगळ्यांचं हसून झाल्यावर हसले.

मी स्टेजवर मान तिरकी करून उभाच होतो.

इथपर्यंतचं तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. पुढचं कुणालाच माहीत नाही. हॉल तिकिटं घ्यायला आलो होतो, तेव्हा सरांनी मला व्हरांड्यात थांबवलं. म्हणाले, “चाल छान केलीस रे माझी. घरी सांगितलं मी. पण गाणं काही कळलं नाही, हिला ऐकायचंय. शब्द लिहून देतोस?” मी वहीचा कागद फाडला आणि भिंतीला टेकून लिहिलं. ते गाणं नाही लिहिलं. शिवरायांवरचं एक गाणं पाठ होतं, ते लिहून दिलं. सरांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, “हे तर चांगलं गाणं आहे. यात हसण्यासारखं काय होतं?”

सर, याचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही. आज देतो. त्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं.

आजही माझ्याकडे यादी येते. सोसायटीचा गणपती असो, ऑफिसातल्या कुणाची निवृत्ती असो, “गमतीची गाणी तू निवड” असंच सगळे म्हणतात. मी निवडतो. पण प्रत्येक गाण्याला आता एकच प्रश्न विचारतो. ज्याच्यावर गंमत आहे, तो यात उठून खडू हातात घेऊ शकेल का? गणिताच्या बाईंना ते करता आलं, कारण चूक आमची होती आणि बरोबर उत्तर त्यांच्याकडे होतं. सरांना ते करता येणार नव्हतं. आभार मानायला बोलावलेल्या माणसाला आम्ही त्याच्याच कार्यक्रमाबाहेर ठेवलं. पु. लं.च्या चितळे मास्तरांवर आपण इतकी वर्षं हसतो आहोत, पण त्या हसण्यात मास्तर आपल्या बरोबर असतात. भारुडाबद्दल बाई हेच सांगत होत्या, आणि माझं लक्ष कागदाच्या नांगीकडे होतं.

सकाळी सरांना नमस्कार केला तेव्हा पाहिलं, त्यांच्या कानात आता मशीन आहे. म्हणजे मी आज जे बोललो ते त्यांना पहिल्यांदा नीट ऐकू गेलं असणार. त्यामुळे सुटायला जागा नाही.

सर, क्षमा मागतो.

आणि एक विनंती. संध्याकाळी आपला कार्यक्रम आहे. भारूड पुन्हा होणार आहे, गोलकीपर साडी घेऊन आला आहे, फळाही आणलाय. ‘शिक्षकांची एंट्री’सुद्धा आहे, आणि यादी यंदाही माझ्याकडेच आहे. तुमच्या नावापुढची जागा मी रिकामी ठेवली आहे. गाणं तुम्ही सांगायचं. आणि तिरकी मान करून कोण येणार, तेही तुम्हीच ठरवायचं. मी आपला टेपरेकॉर्डरपाशी बसतो.