उद्योगाला भांडवलाआधी गुण लागतात

(व्याख्यानाचे शब्दांकन)



नवा उद्योग म्हटला की डोळ्यांसमोर नवे यंत्र आणि मोठे भांडवल उभे राहते. अर्थशास्त्रज्ञ जोसेफ शुंपीटर यांनी मात्र शंभर वर्षांपूर्वीच उद्योगातील नावीन्याचे पाच प्रकार सांगितले होते : नवी वस्तू, नवी उत्पादनपद्धती, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाचा नवा स्रोत आणि उद्योगाची नवी रचना. यातील पाचव्या प्रकाराचे उदाहरण गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावात सापडते. तेथे ग्रामसभाच उद्योजक झाली.

हे गाव बांबूच्या जंगलात वसलेले आहे. पण १९२७ च्या वन कायद्याने बांबूला झाडात गणले होते. त्यामुळे जंगल सरकारचे, बांबू कागद गिरण्यांचा आणि गावकऱ्याच्या वाट्याला केवळ तोडणीची मजुरी, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची स्थिती होती. कच्चा माल दारात होता, कष्टाळू हात होते, बाजारपेठही होती. उणीव होती ती अधिकाराची. तो कोणत्या गुणांच्या बळावर मिळाला?

पहिला गुण अभ्यासाचा. देवाजी तोफा आणि त्यांचे सहकारी मोहन हिराबाई हिरालाल यांनी गावात अभ्यासगटाची प्रथा रुजवली. कोणताही प्रश्न आधी समजून घ्यायचा, जाणकारांशी चर्चा करायची आणि मगच ग्रामसभेत निर्णय करायचा. २००६ च्या वनहक्क कायद्यात बांबूचा गौण वनोपजात स्पष्ट समावेश आहे. गावाने हा कायदा नीट समजून घेऊन दावा केला आणि २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळवला. सामूहिक संपत्ती लोक स्वतः उत्तम सांभाळू शकतात, हे दाखवून देणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, तेही याच वर्षी.

दुसरा गुण चिकाटीचा. हक्क मिळाला, पण वाहतूक परवाना मिळेना. परवान्याविना बांबू गावाबाहेर जाणार कसा आणि व्यापारी तो घेणार कसा? ज्या जिल्ह्याने नक्षलवाद्यांच्या बंदुकीची दहशत भोगली, तेथे या गावाने कायद्याच्या चौकटीत राहून आग्रह सोडला नाही. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले. पुढे २०१७ मध्ये वन कायद्यातील झाडाच्या व्याख्येतूनही बांबू वगळला गेला.

तिसरा गुण सर्वांना सोबत नेण्याचा. मेंढ्यात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. यात वेळ जातो, हे खरे. पण एकदा ठरले की मोडता घालणारा कोणी उरत नाही.

चौथा गुण सर्वांत कठीण, तो संयमाचा. चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तेंदूपत्त्याचा हंगाम म्हणजे हमखास रोकड. परंतु पत्ता चांगला फुटावा म्हणून झाडे छाटली जातात, जंगलाला आगी लावल्या जातात. म्हणून पाचगावने हे उत्पन्न स्वेच्छेने सोडले आणि बांबूवर भर दिला. बांबूचेही तेच आहे. पावसाळ्यात फुटणारे वास्ते राखले आणि पक्व बांबूच तोडला, तर बेट वर्षानुवर्षे देत राहते. हाव सुटली, तर व्याजासोबत मुद्दलही जाते.

अर्थात येथे थांबून चालणार नाही. अखंड बांबूच्या विक्रीतून मिळणारा पैसा आणि त्याच बांबूच्या फर्निचरमधून मिळणारा पैसा यांत मोठे अंतर आहे. ते भरून काढण्यासाठी कौशल्य हवे. चंद्रपूरजवळील चिचपल्लीचे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र त्यासाठीच स्थापन झाले आहे. या दोन जिल्ह्यांतील तरुणाने पुण्या-नागपुरात नोकरी शोधत फिरायचे, की आपल्या गावातच इतरांना काम द्यायचे, हे या पुढच्या पावलावर अवलंबून आहे.

आपल्या घरातील मुलाने व्यवसायाचा विचार बोलून दाखवला, की आपण प्रथम विचारतो, पैसा कोठून आणणार? त्याआधी विचारायला हवे : अभ्यास झाला आहे का? नकार पचवण्याची तयारी आहे का? चार माणसे सोबत येतील का? आणि नफा समोर दिसत असताना हात आवरता येईल का? या चार प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर भांडवलाची चिंता उरतेच. पण ती सोडवण्याजोगी असते.